भुतं राहू देत, बोट दाखवणं सोडा

आमच्या सोसायटीत दर दुसऱ्या रविवारी मुलांसाठी गोष्टींचा तास असतो. सहा ते दहा वयाची वीसेक पोरं, क्लबहाउसच्या गार फरशीवर सतरंजी आणि गोष्ट सांगायला मी. गेल्या महिन्यात हान्सेल आणि ग्रेटेल सांगितली, जंगलात सोडून दिलेल्या भावाबहिणीची जर्मन गोष्ट. म्हातारी, भट्टी, पिंजऱ्यातून बोटाऐवजी बाहेर काढलेलं हाडूक, सगळं काही न गाळता. पोरं मस्त टरकली आणि मग मस्त हसली. संध्याकाळी ग्रुपवर मेसेज, "अशा गोष्टी सांगायची खरंच गरज आहे का? आमचा रात्री झोपणार नाही आता." त्यावर अंगठे, मग एका बाबांचा ट्रॉमावरचा भलामोठा फॉरवर्ड, मग दुसऱ्या पार्टीकडून "आम्ही नाही का बागुलबुवा ऐकून मोठे झालो, काय बिघडलं आमचं" छाप उत्तरं, रात्री साडेअकरापर्यंत हे चाललं होतं आणि कुणीतरी पाण्याच्या टँकरचा विषय काढला तेव्हा कुठे थांबलं.

मी काही लिहिलं नाही ग्रुपवर. पण तेव्हापासून डोक्यात तेच घोळतंय, कारण मला दोन्ही पार्ट्या चुकीच्या वाटतात. एक म्हणते भीती काढून टाका, दुसरी म्हणते भीती हवीच, थोडी जास्त झाली तरी चालेल. म्हणजे भांडण सगळं मीठ किती घालायचं यावर. माझं म्हणणं असं की गोष्टीतलं भूत कितीही भयानक असू दे, ते भूत कुणाच्या अंगावर जाऊन बसतं ते आधी बघा. मुखवटा घालून येणारं भूत वेगळं आणि शेजारणीच्या, सुनेच्या, नाहीतर रस्त्यावरून चाललेल्या एखाद्या माणसाच्या अंगात आपण शोधून काढतो ते भूत वेगळं. पहिलं कितीही येऊ दे. दुसऱ्याने माणसं मारली आहेत.

पहिल्या प्रकारचं माझं सगळ्यात लाडकं भूत जपानचं आहे, नामाहागे. जपानच्या उत्तरेला अकिता प्रांतात ओगा नावाचं द्वीपकल्प आहे, तिथे 31 डिसेंबरच्या रात्री हे नामाहागे घरोघर फिरतात. लाल किंवा निळा भलामोठा मुखवटा, दात बाहेर, अंगावर भाताच्या पेंढ्याचा झगा, हातात लाकडी सुरा. दार धाडकन उघडायचं, पाय आपटायचे आणि ओरडायचं, "रडकं पोर आहे का कुठे? आळशी पोर आहे का कुठे?" पोरं आईच्या पाठीमागे, फडताळात, जिथे जागा मिळेल तिथे. व्हिडिओ बघितलात तर पोरांचं रडणं ऐकून तुम्हालाही वाटेल की हे काय क्रूर चाललंय, मलाही पहिल्यांदा वाटलं होतं.

पण नीट बघत राहा. नामाहागे आत शिरायच्या आधी एक माणूस पुढे जाऊन घरच्यांना विचारून येतो, येऊ का म्हणून. त्या वर्षी घरात कुणी गेलं असेल किंवा बाळंतपण झालं असेल तर नामाहागे त्या घरात जातच नाही, अगदी आपल्याकडच्या सोयरसुतकासारखं. आत आल्यावर पाय किती वेळा आपटायचे तेसुद्धा ठरलेलं, आधी 7, मग बसण्यापूर्वी 5, उठताना 3. आणि मग जे होतं ते मला फार भारी वाटतं. घरचा कर्ता पुरुष त्या राक्षसासमोर पाट मांडल्यासारखं ताट मांडतो, साके म्हणजे तांदळाची दारू ओततो आणि दोघं बोलायला बसतात. राक्षस वही काढून विचारतो की पोरगा अभ्यास करतो का, आईचं ऐकतो का, मोबाइल किती बघतो, आणि बाप म्हणतो की नाही हो, आमचा पोरगा चांगला आहे, करतो अभ्यास, थोडा आळशी आहे पण सुधारेल. म्हणजे ज्या बापाने सकाळीच त्याच कारणावरून पोराला झापलेलं असतं तोच बाप रात्री राक्षसासमोर त्याची वकिली करतो. पोरगं फडताळाच्या फटीतून हे बघतं. शेवटी राक्षस म्हणतो, ठीक आहे, पुढच्या वर्षी बघायला येईन, आणि निघून जातो. झग्यातून गळलेल्या पेंढ्याच्या काड्या घरचे शुभ म्हणून ठेवतात.

या नावाची गंमतही ऐका. थंडीत शेकोटीजवळ नुसतं बसून राहिलं की पायावर जे भाजल्याचे डाग पडतात त्यांना तिकडच्या बोलीत नामोमी म्हणतात, आणि ते सोलून काढणारा तो नामाहागे. म्हणजे आळशी माणसाच्या पायावरचे डाग सोलायला येणारा. आमच्या घरी हा प्रकार असता तर मी पहिला सापडलो असतो. 2018 साली युनेस्कोने जपानमधल्या अशा पाहुणे-देवांच्या दहा प्रथा मिळून वारसा म्हणून यादीत घेतल्या, त्यात नामाहागेही आहे. तिकडे आता अडचण उलटीच झाली आहे, गावं म्हातारी झाली, मुखवटा घालायला तरुण पोरं नाहीत आणि घाबरायला लहान पोरं नाहीत.

आता यात भीती आहे का, तर आहेच, भरपूर आहे. पण तिला यायची वेळ आहे, जायची वेळ आहे, दारात परवानगी आहे, मध्ये बाप आहे, आणि मुख्य म्हणजे सकाळी मुखवटा उतरतो. आत कोण होता हे गावात सगळ्यांना माहीत असतं आणि पोरगा मोठा झाला की तोच एक दिवस तो मुखवटा घालतो. ज्याने घाबरायचं तोच पुढे घाबरवणार, यापेक्षा चांगला भीतीचा इलाज मला तरी माहीत नाही. ऑस्ट्रियातला क्रॅम्पस घ्या, शिंगं, लोंबती जीभ, साखळ्या, 5 डिसेंबरच्या रात्री संत निकोलसबरोबर फिरणारा. त्याच्या मिरवणुकीत हल्ली लोक दारू पिऊन दांडगाई करतात म्हणून काही ठिकाणी क्रॅम्पसच्या अंगावर नंबर लावतात, तक्रार करायची तर नंबर सांगा. राक्षसाला बॅज नंबर! मला हसू येतं पण विचार केला तर बरोबर आहे, मुखवट्यामागे एक माणूस आहे आणि तो जबाबदार आहे, हे गाव विसरत नाही.

आपल्याकडेही हे आहेच की. सिंधुदुर्गात आरवलीचा वेतोबा घ्या, वेताळाचंच रूप, एरवी वेताळ म्हटलं की अंगावर काटा, पण तिथे तो गावाचा राखणदार आहे, रात्री फिरून त्याची पायताणं झिजतात म्हणून लोक त्याला चामड्याच्या भल्यामोठ्या चपला वाहतात. भुताला ड्यूटी लावून दिली की ते असं शहाण्यासारखं वागतं.

बंदी घालून बघितलीच नाही असं नाही. आइसलँडमध्ये 1746 साली चक्क सरकारी हुकूम निघाला होता की आईबापांनी मुलांना ख्रिसमसच्या भुतांची भीती घालू नये. तिकडे ग्रीला नावाची राक्षसीण आहे, व्रात्य पोरं कढईत शिजवून खाणारी, आणि तिचे तेरा पोरगे. हुकमाने ग्रीला गेली का, नाही गेली. ते तेरा पोरगे मात्र हळूहळू मवाळ झाले, आता 12 डिसेंबरपासून रोज एक येतो आणि खिडकीत ठेवलेल्या बुटात खाऊ ठेवून जातो, पोरगं व्रात्य असेल तर बटाटा. एकाचं काम दारं आपटणं, एकाचं चमचे चाटणं. ग्रीला अजून डोंगरातच आहे, तिला कुणी मवाळ करू शकलं नाही.

पण साफसफाईचा सगळ्यात मोठा आणि माझ्या मते सगळ्यात वाईट प्रयोग जर्मन लोककथा गोळा करणाऱ्या ग्रिम भावांनी केला, आणि ग्रुपवरच्या भीती-हटाव मंडळींनी हा जरूर बघावा. त्यांच्या कथासंग्रहाचा पहिला खंड आला 1812 मध्ये, आणि तो काही मुलांसाठी म्हणून गोळा केलेला नव्हता, लोकांच्या तोंडच्या कथा जपून ठेवायचं काम होतं ते. त्यात मनोऱ्यात कोंडलेली रपुन्झेल तिला कोंडणाऱ्या म्हातारीला निरागसपणे विचारते की माझे कपडे घट्ट का व्हायला लागलेत, म्हणजे पोटुशी आहे हे सरळ दिसतं. पण पुस्तक घरोघर गेलं, मुलं वाचायला लागली, टीका झाली, आणि धाकटा भाऊ विल्हेल्म 1857 च्या सातव्या आवृत्तीपर्यंत कथा घासूनपुसून घेत राहिला. रपुन्झेलचे कपडे पुन्हा बरोब्बर बसायला लागले. खाटीक-खाटीक खेळता खेळता पोरं खरंच एकाचा गळा कापतात अशी एक गोष्ट होती ती दुसऱ्या आवृत्तीत उडाली. इथपर्यंत ठीक, मीही ती गोष्ट आमच्या सतरंजीवर सांगणार नाही.

पण पुढे काय झालं बघा. 1812 च्या हिमगौरीमध्ये तिला मारायला निघालेली राणी ही तिची सख्खी आई आहे. हान्सेल-ग्रेटेलला जंगलात सोडा म्हणणारीसुद्धा सख्खी आई. हे छापायला जड जायला लागलं, आई अशी कशी असेल, जर्मन आई तर नाहीच नाही. मग 1819 मध्ये हिमगौरीची आई सावत्र झाली आणि 1840 च्या आवृत्तीपर्यंत हान्सेल-ग्रेटेलचीही. क्रूरपणा तसाच ठेवला, हिमगौरीच्या शेवटी राणीला तापलेल्या लोखंडी बुटांत मरेपर्यंत नाचायला लावतात ते कायम आहे. बदललं फक्त नाव, कुणाकडे बोट दाखवायचं ते. आई पवित्र ठेवायची म्हणून सगळी घाण दुसऱ्या बाईवर टाकली, आणि ती बाई काही परीकथेतली नाही, ती खरी असते, बाळंतपणात बायका पटापट मरायच्या त्या काळात तर घराघरात असायची, बहुतेक वेळा बिचारी विशीतली पोरगी, दुसऱ्याची दोन-तीन पोरं सांभाळणारी. दुष्काळात पोटाला नाही म्हणून आईबाप पोरं टाकून देतात ही मूळ गोष्ट जास्त भयानक आहे पण जास्त खरी आहे, तिच्यात दोष भुकेचा आहे. साफ केलेल्या गोष्टीत दोष एका बाईचा. आणि आज शाळेत एखाद्या मुलीची सावत्र आई पालकसभेला येते तेव्हा बाकीची पोरं तिच्याकडे कशी बघतात हे मी बघितलेलं आहे.

आता दुसऱ्या प्रकारचं भूत. हे दिसायला अगदी गोड आहे. आयर्लंड, स्कँडिनेव्हिया, जर्मनी, सगळीकडे ही समजूत होती की पऱ्या किंवा बुटके माणसाचं बाळ पळवतात आणि पाळण्यात आपलं ठेवून जातात, बदललेलं बाळ. ते ओळखायचं कसं, तर ते वाढत नाही, सारखं रडतं, खातं खूप पण अंगाला लागत नाही, चेहरा म्हाताऱ्यासारखा, बोलत नाही, चालत नाही. वाचताना तुमच्या लक्षात आलंच असेल. हे वर्णन आज आपण बालरोगतज्ज्ञाला सांगितलं तर तो तपासण्या लिहून देईल. तेव्हा तपासण्या नव्हत्या, गोष्ट होती.

आणि गोष्टीतला इलाज मजेशीर आहे. ग्रिमच्या संग्रहातही आहे तो, आई अंड्याच्या दोन टरफलांत पाणी उकळायला ठेवते, ते बघून ते बदललेलं बाळ एकदम बोलून जातं की मी जंगलाइतका म्हातारा झालो पण टरफलात कुणी स्वयंपाक केलेला बघितला नाही, आणि खो खो हसायला लागतं. हसलं की बुटके येतात, खरं बाळ ठेवतात आणि आपलं घेऊन जातात. किती छान आहे ना. पण टरफलांनी काम झालं नाही की पुढचे इलाज होते, तापलेल्या फावड्यावर धरायचं, रात्रभर उकिरड्यावर ठेवायचं, विषारी झाडपाला पाजायचा. म्हणजे असं छळायचं की त्याच्या खऱ्या आईला दया येऊन ती त्याला घेऊन जाईल.

हे फक्त अडाणी खेडुतांचं नव्हतं बरं का. मार्टिन ल्यूथर, ज्याने अख्खं युरोप हलवलं तो जर्मन धर्मसुधारक, त्याने डेसाऊला असं एक बारा वर्षांचं मूल बघितलं होतं आणि तिथल्या राजपुत्रांना सल्ला दिला की नदीत टाका याला, हा आत्मा नसलेला मांसाचा गोळा आहे. राजपुत्रांनी ऐकलं नाही हे त्या मुलाचं नशीब. 1826 साली आयर्लंडमध्ये एका म्हातारीने चार वर्षांच्या मुलाला, ज्याला उभंही राहता येत नव्हतं आणि बोलताही येत नव्हतं, त्याच्यातली परी काढायला म्हणून तीन सकाळ फ्लेस्क नदीत बुडवलं. तिसऱ्या सकाळी ते मेलं. ज्युरीने म्हातारीला निर्दोष सोडलं, तिचा हेतू मारायचा नव्हता म्हणे.

आणि 1895. ब्रिजेट क्लिअरी, टिपररी काउंटीतलं बॅलीव्हॅडली गाव. कपडे शिवायची, स्वतःचं सिंगर मशीन, कोंबड्या पाळून अंडी विकायची, हातात चार पैसे, नीट राहणारी. नवरा मायकल पिंपं बनवायचा. मार्चमध्ये ती आजारी पडली, डॉक्टर आला, पाद्री आला, बरी काही होईना, आणि नवऱ्याच्या डोक्यात बसलं की ही माझी बायको नाहीच, पऱ्यांनी ती नेली आणि हिला ठेवली. नातेवाइकांनी, त्यात तिचा स्वतःचा बाप, तिला धरून ठेवलं, दुधात उकळलेला झाडपाला जबरदस्तीने पाजला, अंगावर मूत टाकलं, चुलीजवळ नेऊन विचारलं, देवाची शपथ घेऊन सांग तू ब्रिजेट आहेस का. 15 मार्चच्या रात्री नवऱ्याने पाव आणि जॅमचे तीन तुकडे पुढे ठेवले, प्रत्येक घासाआधी नाव सांग म्हणाला. तिने दोन खाल्ले. तिसऱ्याला नाव सांगायला तिला उशीर झाला. दिव्याचं तेल ओतून तिला जाळलं, सगळे घरात असताना. नंतर तो गावाबाहेरच्या, पऱ्यांची समजल्या जाणाऱ्या जुन्या गढीवर जाऊन वाट बघत होता की खरी ब्रिजेट पांढऱ्या घोड्यावर बसून येईल आणि मी तिची दोरी कापून तिला सोडवीन. 22 मार्चला पोलिसांना तिचं प्रेत सापडलं. मायकलला सदोष मनुष्यवधाची 20 वर्षं झाली, 15 भोगून तो बाहेर पडला आणि कॅनडाला गेला. त्या भागातल्या पोरांनी यावर एक बडबडगीत केलं ज्यात विचारतात की तू चेटकीण आहेस की परी, का मायकल क्लिअरीची बायको.

तेव्हा इंग्लंडच्या काही पेपरांनी लिहिलं की बघा हे आयरिश, असल्या लोकांना स्वराज्य द्यायचं म्हणता? म्हणजे पेपरवाल्यांनीही तेच केलं, एक अख्खा समाजच बदललेलं बाळ ठरवला.

हे वाचून आपण वर नाक करायचं कारण नाही. आपल्याकडे 2013 साली, नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर जो जादूटोणाविरोधी कायदा झाला त्याची अनुसूची काढून वाचा. भूत उतरवायच्या नावाखाली दोराने किंवा साखळीने बांधणं, काठीने मारणं, मिरचीची धुरी देणं, हे सगळं तिथे एकेक करून लिहावं लागलं आहे. कायदा करणाऱ्यांनी ते कल्पनेने लिहिलेलं नाही. आणि मला त्या कायद्यात आवडतं ते हे की तो भुतावर बंदी घालत नाही. वेतोबाला चपला वाहा, कुणाची हरकत नाही. माणसाला हात लावलात, अमकी करणी करते असं म्हणून तिचं जगणं मुश्कील केलंत, तर मात्र सहा महिने ते सात वर्षं.

माझं खरं दुखणं मात्र बागुलबुवाचं आहे. बागुलबुवा कोण, कसा दिसतो, कुणालाच माहीत नाही, ते ठीक होतं, नामाहागेच्या जातीचाच तो. माझ्या आजोळच्या विहिरीत गिऱ्हा होता, वाकून बघितलं की ओढतो, त्यामुळे आम्ही वाकायचो नाही. जपानमध्ये तळ्याच्या काठी कप्पा नावाचं पाणभूत असतं, इंग्लंडमधल्या लँकेशायरला पाण्यावरच्या हिरव्या शेवाळात जेनी ग्रीनटीथ नावाची चेटकीण असते, जगभरच्या आज्यांना पोरं पाण्यापासून लांब ठेवायला हेच सुचलंय. त्यांचं काही नाही. पण आपण बागुलबुवाच्या जागी हळूच दुसरं कुणीतरी आणून बसवलं. झोळीवाला. गोणीवाला. "जेव, नाहीतर तो बघ झोळीवाला आलाय, तुला झोळीत घालून नेईल." तो खरंच रस्त्यावरून जात असतो, झोळी घेऊन, बिचारा भिक्षा मागत किंवा भंगार गोळा करत. पोराने त्याच्याकडे बघितलं, घास गिळला, काम झालं.

1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्याला आठवडी बाजाराच्या दिवशी पाच माणसांना जमावाने मारून टाकलं. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षा मागत फिरणारे. त्या दिवसांत व्हॉट्सॲपवर मुलं पळवणारी टोळी आली आहे असे मेसेज फिरत होते. मारणाऱ्यांत सगळे काय राक्षस होते का, ते लहानपणी जेवताना झोळीवाल्याची गोष्ट ऐकलेले आपल्यासारखेच लोक असणार. मी असं म्हणत नाही की आजीच्या एका वाक्याने पाच जीव गेले. अफवा, पोलीस, मोबाइल, गरिबी, बरंच काही आहे त्यात. पण व्हॉट्सॲपवर मेसेज आला तेव्हा तो पटायला जी जमीन लागते ना, ती आधीच नांगरून ठेवलेली होती.

म्हणून माझं ग्रुपवरच्या दोन्ही पार्ट्यांना सांगणं आहे. भट्टीतली म्हातारी राहू दे, ग्रीलाची कढई राहू दे, वाटल्यास दिवे घालवून सांगा. पण सावत्र आईच्या जागी सख्खी आई परत आणा, निदान कधीतरी. झोळीवाला, वेडी बाई, अमक्या वस्तीतला माणूस, पोलीसमामा, वॉचमन काका यांची भीती घालणं आजपासून बंद, आणि यात मी माझ्या सासूबाईंनाही धरतोय ज्या हे वाचणार आहेत. आणि मूल बारा-तेराचं झालं की टरफलांच्या गोष्टीबरोबर ब्रिजेटचीही गोष्ट सांगा, दोन्ही एकाच बैठकीत.

परवाच्या रविवारी मी टरफलांचीच सांगितली. ब्रिजेट अर्थातच नाही. अंड्याचं खरं टरफल नेलं होतं, त्यात पाणी घालून दाखवलं, पोरं खूश. बुटके आले, खरं बाळ ठेवलं, बदललेलं घेऊन गेले, संपली गोष्ट. सगळे उठायला लागले तर दुसरीतला एक पोरगा बसूनच, म्हणाला, काका, ते दुसरं बाळ कुठे गेलं?

म्हटलं, त्याच्या आईकडे.

मग तिकडे तरी त्याला कुणी उचलून घेतलं का?